वळताना ब्रेक दाबू नये

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात शाळेच्या सभागृहात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे.)



समितीचा फोन आला तेव्हा मला सांगण्यात आलं, "प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल बोलायचं आहे. पण तू सॉफ्टवेअरबद्दल बोलू नकोस, लोक झोपतात." त्यात मला वेळ दिली आहे जेवणाच्या आधीची. मागच्या दारातून वडाभाताचा वास येतोय आणि निम्म्या माना तिकडे वळलेल्या मला इथून दिसताहेत. तेव्हा मी सॉफ्टवेअरवर बोलणार नाही. मी गाड्यांवर बोलणार आहे. गाडी वळते कशी आणि ती आपल्या ताब्यात राहते कशी, एवढाच विषय. गेली वीस वर्षं मी पुण्यात हेच काम करते. गाडीच्या ब्रेकला आणि स्टिअरिंगला हुकूम देणारा एक छोटा संगणक असतो, त्याच्या आतला मजकूर आम्ही लिहितो.

शेवटी मला एक गोष्ट सांगायची आहे, ती तीस वर्षांपासून राहून गेली आहे. त्यासाठी आधीचं सगळं ऐकणं भाग आहे, म्हणून थोडा धीर धरा.

सुरुवात तान्ह्या पोळ्यापासून करू. नागपूरच्या बाहेर हे सांगितलं तर लोकांना कळत नाही, तुम्हाला सांगावं लागणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल सजवायचा, दोरी धरून गल्लीभर ओढायचा आणि घरोघरी जाऊन बोजारा गोळा करायचा. दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी मुलांसाठी हा सण सुरू केला असं आपल्याकडे सांगतात. आता तो बैल आठवा. खाली फळी, फळीला चार चाकं. सरळ रस्त्यावर ऐटीत चालायचा आणि गल्लीच्या वळणावर आला की अडायचा. दोरी बाजूला ओढली की चाकं घासायची, जास्त ओढली की बैल आडवा. मग आपण काय करायचो? बैल उचलायचो, वळवून ठेवायचो आणि पुढे निघायचो.

तो का वळत नसे, याचं उत्तर गणिताच्या सरांच्या विषयात आहे. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. किती जास्त? दोन्ही चाकांत दीड मीटर अंतर असेल आणि गाडी काटकोनात वळली, तर बाहेरचं चाक सुमारे २ मीटर ३५ सेंटिमीटर जास्त चालतं. गंमत म्हणजे वळण गल्लीतलं असो की रिंग रोडचं, हा फरक तेवढाच राहतो. सर, वर्तुळकंसाच्या लांबीचं सूत्र तुम्ही आम्हाला छडीच्या धाकानं पाठ करून घेतलं होतं. ते इथे कामी येतं हे तेव्हा सांगितलं असतंत तर छडीची गरज पडली नसती.

लाकडी बैलाची दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट ठोकलेली असत. दोघांना सारखंच फिरावं लागे, म्हणून तो अडायचा. शिवाय चार चाकांची तोंडं कायम एकाच दिशेला. खऱ्या बैलांच्या बंडीला मात्र दोनच चाकं असतात आणि दोन्ही आसावर सुटी फिरतात. त्यामुळे बंडी सहज वळते. वळवतं कोण? धुरकरी. त्याच्या हातात स्टिअरिंग नसतं, कासरा असतो. डावीकडे वळायचं तर तो डावा कासरा ओढतो. डावा बैल जरा रोखला जातो, उजवा चालत राहतो आणि बंडी डावीकडे फिरते. आतला बैल धरायचा, बाहेरचा सोडायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. ट्रॅक्टरवाल्यांना हे पाठ असतं. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांना दोन वेगळे ब्रेक असतात. शेताच्या धुऱ्याशी आलं की ड्रायव्हर आतल्या चाकाचा ब्रेक दाबतो आणि एवढं मोठं धूड जागच्या जागी फिरतं. बुलडोझरचंही तेच. त्याला वळणारी चाकं नसतातच, दोन पट्टे असतात. एक रोखला, दुसरा चालवला, की झालं.

मोटारीचं तसं नाही. मोटार पुढची दोन चाकं तिरपी करून वळते. पण दोन्ही सारखी तिरपी केली तर पुन्हा घासाघासी, कारण आतलं चाक लहान वर्तुळावर असतं आणि बाहेरचं मोठ्या. म्हणून आतलं चाक जरा जास्त वळवावं लागतं. घोडागाड्यांच्या काळातच म्युनिकच्या एका कारागिरानं, लांकेनस्पेर्गर त्याचं नाव, ही युक्ती काढली. १८१८ मध्ये आकरमन नावाच्या माणसानं तिचं पेटंट इंग्लंडात घेतलं आणि नाव मात्र आकरमनचं पडलं. वर्गात उत्तर एकानं सांगायचं आणि शाबासकी दुसऱ्यानं घ्यायची, हे आपल्याच शाळेत होत होतं असं नाही.

आता सायकल. आपल्यापैकी निम्मे जण सायकलनं शाळेत यायचे आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याला सायकल वळवता येते. येतेच. पण आपण ती कशी वळवतो हे आपल्याला ठाऊक नसतं. डावीकडे वळायचं असेल तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे जातं. खोटं वाटतं ना? नालीच्या कडेनं चालवलेली सायकल आठवा. नाली उजव्या हाताला अगदी चिकटून असेल, तर जीव खाऊन डावीकडे वळायचं म्हटलं तरी वळता येत नाही आणि शेवटी माणूस नालीतच जातो. कारण डावीकडे वळायला सायकल डावीकडे झुकावी लागते. ती डावीकडे झुकायला चाक आधी थोडं उजवीकडे जावं लागतं, आणि तिथे तर नाली! विमान उडवणाऱ्या राइट बंधूंचं मूळ दुकान सायकलचं. त्यांतल्या विल्बर राइटच्या हे लक्षात आलं होतं आणि त्यानं इतर सायकलस्वारांना विचारूनही पाहिलं होतं. कोणालाच आपण असं करतो हे माहीत नव्हतं.

सायकल उभी राहते तीही अशीच. हाताच्या तळव्यावर झाडू उभा धरायचा खेळ आपण खेळलोय. झाडू जिकडे कलतो तिकडे हात न्यायचा. सायकल जिकडे पडायला लागते तिकडे आपण नकळत पुढचं चाक नेतो आणि ते तिच्या खाली जाऊन तिला सावरतं. म्हणजे दोन चाकांच्या गाडीत वळवणं आणि तोल सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. पुढचं चाक वळतंय तोवरच आपण उभे आहोत. हेही लक्षात ठेवा.

तीन चाकांची सायकलरिक्षा मात्र झुकत नाही. आपल्या वर्गातला एक पोट्टा, नाव घेत नाही, तिसऱ्या रांगेत बसून आत्ताच हसायला लागलाय, तो रिक्षावाले काका चहा प्यायला गेले असताना त्यांच्या सीटवर बसला होता. आत आम्ही सहा जणी, बाहेर दप्तरं लटकलेली. त्याला सायकल उत्तम यायची, हीच अडचण झाली. त्याचं अंग सायकलच्या सवयीनं झुकायला गेलं, रिक्षा झुकेना, हात गोंधळले आणि आम्ही सगळ्या शाळेच्या कुंपणाला जाऊन टेकलो. सायकल न येणारा असता तर कदाचित नीट चालवली असती. तेव्हा मित्रा, तीस वर्षांनी शास्त्रीय कारणासह तुला माफी.

रेल्वेचं सगळंच वेगळं. इंजिनच्या ड्रायव्हरपुढे स्टिअरिंग नसतं. गाडी कुठे जायची ते रुळांच्या सांध्यांवर ठरतं आणि सांधे फिरवणारा माणूस दुसरीकडेच बसलेला असतो. आपल्या नागपूर स्टेशनाजवळचं डायमंड क्रॉसिंग प्रसिद्ध आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या वाटा जिथे एकमेकींना भेटतात, तिथे ड्रायव्हरच्या मनावर काही सोडून चालणारच नाही. सांधा बरोबर बसून कुलूप लागल्याशिवाय सिग्नल हिरवा होत नाही, अशी ती रचना असते, तिला इंटरलॉकिंग म्हणतात. आमच्या क्षेत्रात जो कोणी येतो त्याला मी आधी हे समजून घ्यायला सांगते. चूक करू नकोस असं सांगण्यापेक्षा चूक करताच येणार नाही अशी सोय करणं जास्त चांगलं.

पण रुळांवर तरी गाडी वळते कशी? रेल्वेची दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, थेट तान्ह्या पोळ्याच्या बैलासारखी. मग ती का अडत नाहीत? कारण चाकाची कड सपाट नसते, उतरती असते. साधारण २० ला १ असा उतार. आतल्या बाजूला चाकाचा घेर मोठा, बाहेर लहान. वळणावर चाकांची जोडी बाहेरच्या बाजूला किंचित सरकते. मग बाहेरच्या रुळावर चाकाचा मोठा घेर येतो, आतल्या रुळावर लहान घेर, आणि बाहेरचं चाक आपोआप जास्त अंतर कापतं. कोणी कासरा ओढत नाही, कोणी ब्रेक दाबत नाही. चाकाच्या आत जी उभी कड असते, ती गाडीला रुळावर ठेवते असं आपण शिकलो होतो, पण ती बहुतेक वेळ राखणीलाच असते. वळण फार जोरकस असलं की मगच ती रुळाला घासते, आणि तो किंचाळल्यासारखा आवाज येतो.

घरी मुलांना दाखवायचं असेल तर चहाचे दोन कागदी कप तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर काठ्यांवरून घरंगळत सोडा. थोडे डुलतील, पण पडणार नाहीत. मग बुडाला बूड चिकटवून सोडा. लगेच पडतील. आणि खरी चाकं जवळून बघायची असतील तर मोतीबागला नॅरोगेजचं संग्रहालय आहे, २००२ पासून. इतवारीहून छिंदवाड्याला आणि नागभीडला जाणाऱ्या त्या अडीच फुटी रुळांच्या गाड्यांमध्ये आपल्यापैकी अनेकांचे आजोळचे प्रवास झालेत. मुलांना तिथे घेऊन जा.

बोट आणि विमान यांबद्दल दोनच वाक्यं सांगते, नाहीतर वडाभात थंड होईल. बोटीचं सुकाणू मागे असतं आणि ते पाण्याच्या प्रवाहावर काम करतं. बोट उभी असेल तर सुकाणू कितीही फिरवा, काही होत नाही. म्हणजे ताबा हवा तर थोडी गती लागते. विमान मात्र केवळ शेपटीच्या सुकाणूनं वळत नाही. ते सायकलसारखं झुकतं, आणि पंखांना वर उचलणारा जोर तिरपा होऊन त्याला वळणाच्या दिशेनं ओढतो. १९४९ पासून आपल्या सोनेगावच्या विमानतळावर रात्रीच्या टपालाची विमानं उतरायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही बाजूंनी यायची, मध्यरात्री टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि आपापल्या गावी परतायची. आपल्या आजोबांच्या पिढीनं ती डाकोटा विमानं डोक्यावरून वळताना पाहिली आहेत. त्यांचा एक पंख खाली जाताना दिसायचा, तेच वळणं.

आता माझ्या कामाकडे येते.

आपण म्हणतो हँडल गाडी वळवतं, ब्रेक गाडी थांबवतो. खरं तर दोन्ही कामं टायर करतो. मोटारीचा टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत, मोपेडचा त्याहूनही कमी. त्या एवढ्याशा जागेची रस्त्यावरची पकड म्हणजे तुमचा महिन्याचा पगार समजा. तो ब्रेकवर खर्च करा, नाहीतर वळण्यावर, किंवा थोडा इकडे थोडा तिकडे. पण एकूण रक्कम ठरलेली. कोरड्या रस्त्यावर पगार बरा असतो. ओल्या रस्त्यावर कपात होते, आणि पहिल्या पावसात धूळ, तेल आणि पाणी एकत्र आलं की फारच मोठी कपात. अशा वेळी सगळा पगार ब्रेकवर उडवला, चाक जाम झालं, की वळण्यासाठी हातात काही उरत नाही. हँडल कुठेही असो, गाडी जिकडे चालली होती तिकडेच घसरत जाते.

म्हणून एबीएस आलं. १९७८ च्या सुमारास ते मोटारींत यायला लागलं. पुष्कळांना वाटतं की ते गाडी लवकर थांबवण्यासाठी असतं. त्याचं मुख्य काम वेगळं आहे. घाबरलेला माणूस ब्रेकवर उभा राहतो. त्या वेळी चाक जाम व्हायला लागलं, की एबीएस सेकंदात अनेकदा ब्रेक थोडा सोडतं आणि पुन्हा धरतं, म्हणजे वळण्यापुरती पकड शिल्लक राहते. त्याच्यापुढची पायरी १९९५ च्या सुमारास आली. तुम्ही स्टिअरिंग डावीकडे फिरवलंय, पण गाडी सरळच घसरतेय, हे संगणकाला कळतं. स्टिअरिंग किती फिरलं ते तो मोजतो, आणि गाडी स्वतःभोवती किती फिरतेय तेही मोजतो. दोन आकडे जुळले नाहीत, तर तो एकाच चाकाचा ब्रेक लावतो, मागच्या डाव्या. आतला बैल धरायचा, बाहेरचा सोडायचा. माझ्या कार्यालयात मोठमोठ्या पदव्यांची माणसं बसतात आणि आम्ही सगळे मिळून धुरकऱ्याचंच काम करतो.

आता ती राहून गेलेली गोष्ट.

फेब्रुवारी १९९६. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आलेली. धरमपेठेतली ट्यूशन सुटली होती आणि अवकाळी पाऊस नुकताच पडून गेला होता. मी बाबांची लुना घेऊन गेले होते. मला तेव्हा सोळावं पूर्ण झालेलं नव्हतं, म्हणजे लायसन्सचा प्रश्नच नव्हता. मागे डबल सीट आपली एक मैत्रीण बसली होती. ती आज इथे आहे. शंकरनगर चौकात मी वळत होते, हँडल पूर्ण वळलेलं, समोरून एक सायकलवाला आला आणि मी पुढचा ब्रेक जीव खाऊन दाबला.

पुढे काय झालं ते तुम्ही आता सांगू शकाल. सगळा पगार ब्रेकवर गेला. पुढचं चाक जाम झालं आणि वळेनासं झालं. दोन चाकांच्या गाडीत वळणं म्हणजेच तोल, तोही गेला. मला गुडघ्याला खरचटलं. तिचं उजवं मनगट मोडलं.

तिनं बोर्डाची परीक्षा लेखनिक घेऊन दिली. भूमितीच्या आकृत्या दुसऱ्याच्या हातानं काढायला सांगणं काय असतं, ते बाईंना आठवत असेल, कारण बाई तिला शेवटपर्यंत धीर देत होत्या. तिला विज्ञान शाखेला जायचं होतं. हव्या त्या कॉलेजात जाण्याइतके गुण तिला मिळाले नाहीत. ती कॉमर्सला गेली, आज चार्टर्ड अकाउंटंट आहे, आणि आपल्या सगळ्यांपेक्षा तिचं बरं चाललंय. पण त्याचं श्रेय माझ्या ब्रेकला देता येणार नाही.

त्या संध्याकाळी घरी बाबांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, "ब्रेक लागलाच नाही."

चारच दिवसांपूर्वी बाबांनी लुनाचे ब्रेक-शू बदलून घेतले होते. आपल्या वस्तीच्या कोपऱ्यावर टिनाच्या शेडमध्ये जे मिस्त्री बसायचे, त्यांच्याकडून. तुम्हा बहुतेकांच्या घरच्या गाड्या तिथेच जायच्या. बाबा तडक तिथे गेले आणि चौकात, लोकांसमोर, त्यांना नको नको ते बोलले. मिस्त्रींनी लुना उभी करून चाक फिरवून दाखवलं आणि म्हणाले, "साहेब, ब्रेक चांगला आहे. जास्तच चांगला लागला असेल." बाबांना ते उर्मट वाटलं. मिस्त्रींनी शेवटी मजुरी परत केली. बाबांनी वस्तीत चार घरी सांगितलं, चार घरांनी आणखी चार घरी, आणि लोक गाड्या दुसरीकडे न्यायला लागले. तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे बोलणं झालं असेल, तर ते कुठून आलं ते आता कळलं असेल.

पुढे नोकरीला लागल्यावर चाचणीच्या ट्रॅकवर मी पहिल्यांदा एबीएस बंद केलेली गाडी ओल्या, गुळगुळीत पट्ट्यावर नेली. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवलं, ब्रेक पूर्ण दाबला आणि गाडी सरळ गेली. गाडी थांबल्यावर मला मिस्त्रींचं वाक्य आठवलं. जास्तच चांगला लागला असेल. त्यांनी चाकाला हात लावून जे ओळखलं होतं, ते कळायला मला इंजिनियरिंगची चार वर्षं आणि एक चाचणी ट्रॅक लागला.

पण मला अज्ञानाचा आडोसा घ्यायचा नाही. ब्रेक लावल्यावर गाडी का घसरली, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मात्र ब्रेक लागला होता, हे मला त्याच क्षणी माहीत होतं. मी जे सांगितलं ते खोटं होतं.

हा मेळावा ठरला तेव्हा मी तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "मी मागे बसले होते गं. तुझ्या उजव्या हाताची बोटं ब्रेकवर पांढरी पडलेली मला दिसली होती." मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस? म्हणाली, "तू रोज संध्याकाळी येऊन माझ्या वह्या लिहून देत होतीस. म्हटलं, राहू दे." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "पण त्या मिस्त्रींचं काय केलंस?"

मी त्यांचं काहीच केलं नव्हतं. गेल्या महिन्यात नागपूरला आले तेव्हा त्या कोपऱ्यावर गेले. शेड नाही. तिथे इमारत झाली आहे. शेजारच्या किराणावाल्यानं सांगितलं की ते बऱ्याच वर्षांपूर्वी दुकान आवरून गावाकडे गेले. कोणतं गाव, ते त्याला ठाऊक नव्हतं. घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा आता ७८ वर्षांचे आहेत. बराच वेळ गप्प बसले आणि मग एवढंच म्हणाले, "मी चारचौघांत बोललो होतो त्याला."

म्हणून मीही चारचौघांत सांगते आहे, आणि छापूनही यावं अशी समितीला विनंती केली आहे. त्या मिस्त्रींचं काम चोख होतं. ब्रेक उत्तम होता. चूक चालवणारीची होती, आणि ती चूक दुसऱ्याच्या माथी मारली तीही मीच.

आता आपल्या मुलांसाठी तीन गोष्टी सांगते आणि थांबते. आपली बरीच मुलं आज त्याच वयाची आहेत.

पहिली, लायसन्स येईपर्यंत चावी देऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण दंड नसता तरी देऊ नका. दुसरी, ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, गाडी सरळ असताना, दोन्ही ब्रेक मिळून, हळूहळू दाब वाढवत. वेग कमी झाला की मग वळायचं. वळताना काही आडवं आलंच तर आधी हँडल सरळ करायचं आणि मग ब्रेक. हे ऐकून येत नाही, सवयीनं येतं. रविवारी सकाळी एखाद्या रिकाम्या मैदानावर नेऊन मुलांकडून करून घ्या. आणि तिसरी, २०१९ मध्ये १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं, त्याखालच्या गाड्यांना तेव्हा दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय पुरत होती. गाडी घेताना रंगाआधी हे विचारा. आणि एबीएस असलं तरी ओल्या रस्त्यावर पगारात कपात होतेच. ते पगार वाढवत नाही, उधळू देत नाही एवढंच.

सर, बाई, तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवलंत, ते मी विकून खाते. आणि उत्तर चुकलं तर खाडाखोड न करता एक आडवी रेघ मारायची आणि खाली नवं उत्तर लिहायचं, हेही तुम्हीच शिकवलंत. मी आज तेवढंच केलं आहे.

आपल्यापैकी कोणाला त्या मिस्त्रींचा किंवा त्यांच्या मुलांचा ठावठिकाणा माहीत असेल, तर जेवताना मला नक्की सांगा. मी दारापाशीच उभी आहे.